चाके कोणाच्या हाती?

चाकाच्या खुर्चीत बसलेले मूल दिसले की आपले लक्ष आधी मुलाकडे जाते, मग खुर्चीकडे. खुर्चीच्या मागच्या मुठी धरून उभ्या असलेल्या माणसाकडे सहसा जात नाही. आई, वडील, शाळेतल्या मावशी किंवा वरच्या वर्गातला एखादा दांडगा मुलगा, असे कोणीतरी तेथे असतेच. मूल कोठे जाणार, केव्हा निघणार, कोणाकडे तोंड करून थांबणार, हे सारे त्या मुठी धरणारा ठरवत असतो. तो हे प्रेमाने करतो, यात शंका नाही. पण ज्या वयात इतर मुले रांगत, पडत, धडपडत सारे घर पालथे घालतात, त्या वयात ज्याला वीतभरही आपल्या इच्छेने सरकता येत नाही, त्या मुलाच्या मनाच्या वाढीचे काय होत असेल?

हा प्रश्न विज्ञानाने गंभीरपणे विचारायला घेतला तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. चाकाची खुर्ची मात्र त्याहून कितीतरी जुनी आहे. मेंदूचा पक्षाघात, म्हणजेच सेरेब्रल पाल्सी असलेल्या लहान मुलांच्या हाती स्वतःच्या खुर्चीची चाके कशी आली आणि यायला इतका उशीर का झाला, याची कथा आपण येथे पाहू.

मेंदूचा पक्षाघात म्हणजे काय?

गर्भावस्थेत, जन्माच्या वेळी किंवा जन्मानंतर लवकरच वाढत्या मेंदूला इजा झाली, किंवा त्याची घडणच बिघडली, की स्नायूंना मिळणाऱ्या आज्ञा विस्कळीत होतात. काही मुलांचे स्नायू ताठर होतात, काहींच्या हालचाली त्यांच्या इच्छेविरुद्ध होत राहतात, काहींना तोल सांभाळता येत नाही. मूळ इजा वाढत जात नाही, पण ती भरूनही येत नाही. दर हजार जन्मांमागे साधारण दोन मुलांमध्ये ही अवस्था आढळते.

विल्यम लिटल या इंग्लिश शल्यचिकित्सकाने १८६१ साली लंडनच्या प्रसूतिशास्त्र संस्थेपुढे एक निबंध वाचला. अवघड बाळंतपण, अपुऱ्या दिवसांचा जन्म आणि जन्मतः गुदमरणे यांचा मुलांच्या ताठर हातापायांशी संबंध असल्याचे त्याने दाखवले. लिटलचे स्वतःचे पाऊल लहानपणापासून वाकडे होते, हेही येथे नोंदवण्यासारखे आहे. पुढे मनोविश्लेषणासाठी प्रसिद्ध झालेल्या सिग्मंड फ्रॉइडने १८९७ साली याच विषयावर मोठा ग्रंथ लिहिला आणि एक वेगळी शंका मांडली: अवघड बाळंतपण हे कारण नसून, गर्भातच काहीतरी बिघडल्याचा तो परिणाम तर नसेल? जवळजवळ नव्वद वर्षांनी झालेल्या मोठ्या पाहण्यांनी फ्रॉइडच्या शंकेला बळ दिले. जन्माच्या वेळी गुदमरणे हे थोड्याच मुलांच्या बाबतीत मुख्य कारण असते, असे त्यांत आढळले.

शिक्षकांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. स्नायूंवरचा ताबा आणि बुद्धी यांचे प्रमाण सारखे नसते. काही मुलांना बौद्धिक अक्षमताही असते, काहींना मुळीच नसते. उच्चार अस्पष्ट आहेत, लाळ गळते, एवढ्यावरून मुलाची समज मोजणे म्हणजे पाटीचा रंग पाहून अक्षराची परीक्षा करणे होय.

१९९७ साली कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठातील संशोधकांनी या मुलांच्या हालचालींचे पाच स्तर ठरवले. पहिल्या स्तरावरचे मूल चालते, पळते. पाचव्या स्तरावरच्या मुलाला मान सावरणेही कठीण जाते. आपला विषय मुख्यतः चौथ्या व पाचव्या स्तराचा आहे. या मुलांना हाताने चाके फिरवायला सांगणे सोपे, पण त्यांच्या शरीराचे गणित वेगळे असते. जोर लावला की ताठरपणा वाढतो. एक हात दुसऱ्यापेक्षा दुबळा असला की खुर्ची सरळ न जाता गोल फिरते. आणि चार हात अंतर कापण्यातच शक्ती संपली, तर पोहोचल्यावर खेळायला काय उरणार?

खुर्चीची कुळकथा

आता खुर्चीकडे वळू. स्वतः चालवायची चाकाची खुर्ची बनवणारा पहिला ज्ञात माणूस म्हणजे जर्मनीतील न्यूरेंबर्गजवळच्या आल्टडॉर्फ गावचा घड्याळजी श्टेफान फार्फलर. त्याला चालता येत नव्हते. १६५५ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्याने तीन चाकांची एक गाडी तयार केली. हाताने दांडा फिरवला की दातेरी चाकांमार्फत पुढचे चाक फिरे. आपल्याकडच्या रस्त्यांवर हाताने दांडा फिरवत चालवायची जी तीनचाकी दिसते, तिचे तत्त्व हेच.

अठराव्या शतकात इंग्लंडातील बाथ या गावी औषधी झऱ्यांवर येणाऱ्या रुग्णांसाठी एक खुर्ची लोकप्रिय झाली. १७८३ सालापासून जॉन डॉसन ती विकू लागला. तिच्यात बसलेला माणूस पुढच्या चाकाची दांडी वळवी, पण ओढणारा किंवा ढकलणारा दुसरा असे. म्हणजे दिशा एकाची आणि बळ दुसऱ्याचे!

१९१८ साली हर्बर्ट एव्हरेस्ट या अमेरिकन खाण अभियंत्याची पाठ खाणीतल्या अपघातात मोडली. त्याला मोटारीत ठेवता येईल अशी खुर्ची हवी होती. १९३० च्या दशकाच्या आरंभी त्याने हॅरी जेनिंग्ज या अभियंता मित्राच्या मदतीने पोलादी नळ्यांची, मधोमध कात्रीसारखी मिटणारी खुर्ची बनवली. इस्पितळात, रेल्वे स्थानकात आपण आजही जी खुर्ची पाहतो, ती याच घराण्यातली. दुसऱ्या महायुद्धात मानेखाली लुळे पडलेल्या सैनिकांना मात्र हीसुद्धा चालवता येईना. त्यांच्यासाठी कॅनडातील जॉर्ज क्लाइन यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला विजेवर चालणारी खुर्ची तयार केली. एक छोटी दांडी जिकडे कलवावी तिकडे खुर्ची जाते, एवढेच तिचे शिक्षण.

या कुळकथेत एक धागा सारखा दिसतो. घड्याळजी, खाण अभियंता, सैनिक अशा मोठ्या माणसांनी, किंवा मोठ्या माणसांसाठी, हे शोध लावले. मोठा माणूस म्हणू शकतो, ‘मला तेथे जायचे आहे.’ दीड वर्षाच्या मुलाला हे म्हणता येत नाही. त्याच्या वतीने कोणी म्हटलेही नाही.

‘खुर्ची दिली की चालणे संपले’

असे का झाले? पैसा आणि यंत्राचा आकार ही कारणे होतीच, पण मोठा अडसर समजुतीचा होता. १९४० च्या दशकापासून लंडनमध्ये बेर्टा व कारेल बोबाथ या दांपत्याने, आणि बुडापेस्टमध्ये आंद्राश पेतो यांनी या मुलांसाठी उपचारांच्या पद्धती घडवल्या. त्याआधी अशा मुलांना बहुधा बिछान्यावर किंवा संस्थेत पडून राहावे लागे. त्या तुलनेत ही फार मोठी झेप होती. पण या विचारांचा रोख शरीराला शक्य तितक्या नैसर्गिक हालचाली शिकवण्याकडे होता. उभे राहणे, चालणे हे ध्येय. चाकाची खुर्ची म्हणजे त्या ध्येयाचा पराभव, असे अनेक उपचारकांना आणि पालकांना वाटे. आधी चालण्याचे सर्व प्रयत्न करू, ते हरले तर मग खुर्ची. तोवर मूल आठ-दहा वर्षांचे होई आणि तोवर ते कडेवर, मांडीवर किंवा ढकलगाडीत असे.

या भीतीच्या मुळाशी एक गृहीतक होते. हालचाल ही हातापायांची बाब आहे आणि मन, बुद्धी यांची वाढ तिच्यावाचून आपल्या गतीने होत राहते, असे ते गृहीतक. ते तपासून पाहण्याचे काम एका अनपेक्षित प्राण्याकडे आले.

मांजराची दोन पिल्ले

१९६३ साली रिचर्ड हेल्ड आणि ॲलन हाइन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. अंधारात वाढवलेली मांजराची पिल्ले जोडीजोडीने घेतली. उभ्या पट्ट्या रंगवलेल्या एका गोल भिंतीच्या आत, मधल्या खांबाभोवती फिरणारा आडवा दांडा बसवला. दांड्याच्या एका टोकाला एक पिल्लू जुंपले. ते आपल्या पायांनी चाले. दुसऱ्या टोकाला टांगलेल्या छोट्या पाळण्यात दुसरे पिल्लू बसवले. पहिले जेवढे आणि जिकडे चाले, तेवढाच आणि तिकडेच पाळणा फिरे. दोन्ही पिल्लांच्या डोळ्यांना जवळजवळ तेच दृश्य तेवढाच वेळ दिसले. फरक एवढाच, की एकाने ते स्वतः चालून पाहिले आणि दुसऱ्याने बसून.

परीक्षेच्या वेळी चालणाऱ्या पिल्लाने खोल बाजू टाळली, जवळ येणाऱ्या वस्तूकडे पाहून डोळे मिचकावले, पृष्ठभाग जवळ येताच पंजा पुढे केला. पाळण्यातल्या पिल्लाला यांतले काहीच नीट जमले नाही. डोळे दोघांचेही निरोगी होते! पुढे पाळण्यातल्या पिल्लांना उजेडात मोकळे फिरू दिल्यावर तीही दोन दिवसांत सुधारली.

मांजराच्या पिल्लावरून माणसाच्या मुलाविषयी थेट निष्कर्ष काढणे धोक्याचे असते. पण ढकलगाडीतल्या मुलाचा विचार करताना त्या पाळण्याची आठवण न होणे कठीण आहे.

पांगुळगाड्याची साक्ष

मुलांच्या बाबतीतला पुरावा पुढच्या दोन-तीन दशकांत जमा झाला. जोसेफ कँपोस आणि त्यांचे सहकारी यांनी रांगू लागलेल्या बाळांचा अभ्यास केला. काचेच्या मजबूत फरशीखाली खोल खड्डा दिसेल अशी योजना केली, तर नुकते रांगू लागलेले बाळ बेधडक पुढे जाते. काही आठवडे रांगून झाल्यावर तेच बाळ कडेला थबकते. उंचीची ही जाण वयाबरोबर आपोआप येत असेल काय? हे पाहण्यासाठी, अजून रांगता न येणाऱ्या पण चाकांच्या चालकगाडीत काही काळ फिरलेल्या बाळांची तपासणी केली. त्यांच्यातही खोलीची जाण लवकर दिसली. लपवलेली वस्तू शोधणे, दूरच्या गोष्टीकडे बोट केले असता तिकडे पाहणे या क्षमतांचाही स्वतः फिरण्याच्या अनुभवाशी संबंध आढळला. म्हणजे अनुभव महत्त्वाचा. तो गुडघ्यांवर मिळाला की चाकांवर, हा पुढचा प्रश्न. (आजकाल मिळणाऱ्या बसक्या चालकगाड्या अपघातांमुळे बालरोगतज्ज्ञ नाकारतात, हे पालकांना जरूर सांगावे.)

आपल्या घरांतून पिढ्यान्पिढ्या लाकडी पांगुळगाडा वापरला गेला. त्याचे नावच पाहा: पांगुळ असलेल्याचा गाडा. तो हाती दिला तर पोर कधी चालायचेच नाही, असे कोणी आजी म्हणाल्याचे ऐकिवात नाही. चाके ही चालण्याची शत्रू नसतात, हे आपल्या भाषेला ठाऊक होते.

सिएटलमधील नऊ मुले

१९८३ साली अमेरिकेतील सिएटल येथील चार्लीन बटलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक छोटा पण निर्णायक अभ्यास प्रसिद्ध केला. गंभीर शारीरिक अपंगत्व असलेल्या, वीस महिने ते सव्वातीन वर्षे वयाच्या नऊ मुलांना विजेवरच्या खुर्च्या दिल्या. आठ मुले तीन आठवड्यांच्या आत त्या सुरक्षितपणे चालवायला शिकली. कारणे निरनिराळी होती. सर्वांनाच मेंदूचा पक्षाघात होता असे नाही. पण ‘एवढ्या लहान मुलाच्या हाती यंत्र कसे द्यावे’ या आक्षेपाला प्रत्यक्ष उत्तर मिळाले.

मेंदूचा पक्षाघात असलेल्या मुलांच्या बाबतीत शिकायला जास्त वेळ लागू शकतो. हात साथ देत नसेल तर हनुवटीने, डोक्याने किंवा मोठ्या बटणांनी खुर्ची चालवावी लागते. इटलीतील मोरेनो बोत्तोस यांच्या गटाने तीन ते आठ वर्षांच्या, चारही अवयव बाधित असलेल्या मुलांना अशा खुर्च्या दिल्या. २००१ साली त्यांनी निष्कर्ष मांडले. मुलांचे स्वावलंबन वाढले. बुद्ध्यंक किंवा शरीराच्या हालचालींची क्षमता यांत विशेष फरक पडला नाही. म्हणजे खुर्चीने चमत्कार केला नाही, पण स्नायूंचे नुकसानही केले नाही. आधी नाखूश असलेल्या बहुतेक पालकांचे मत नंतर बदलले. २०१२ साली अमेरिकेतील मारिया जोन्स यांच्या गटाने १४ ते ३० महिन्यांच्या २८ मुलांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले आणि एका गटाला खुर्च्या दिल्या. वर्षभरानंतर त्या गटाची हिंडण्याफिरण्यातील प्रगती अधिक होती आणि दुसऱ्याचे बोलणे समजण्यातही तो पुढे होता.

स्वीडनमधील व्यवसायोपचारतज्ज्ञ लिस्बेत निल्सन यांनी आणखी एक पाऊल टाकले. गंभीर बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तींनाही त्यांनी विजेवरच्या खुर्चीत बसवले. कुशल चालक घडवणे हा हेतूच नव्हता. ‘मी दांडी हलवली, म्हणून जग हलले’ हा कार्यकारणभाव कळावा, एवढाच हेतू होता. चालवायला शिकण्याऐवजी शिकण्यासाठी चालवणे, असे या पद्धतीचे सार सांगता येईल.

खर्चाचे काय? अमेरिकेतील डेलावेअर विद्यापीठात कोल गॅलोवे आणि अभियंता सुनील अग्रवाल यांनी सात-आठ महिन्यांच्या बाळांना छोट्या यंत्रगाडीत बसवून प्रयोग केले. पुढे २०१२ साली गॅलोवे यांनी दुकानात मिळणाऱ्या, बॅटरीवर चालणाऱ्या खेळण्यातल्या मोटारींत फेरफार करण्याचा उपक्रम सुरू केला. पायाच्या पेडलऐवजी मोठे बटण, पाठीला आधार, प्लॅस्टिकच्या नळ्यांची चौकट, एवढेच सामान. वैद्यकीय खुर्चीच्या किमतीच्या छोट्याशा अंशात काम झाले.

मोजणी केली तेव्हा

ज्ञान झाले की व्यवहार बदलतो, असे नाही. दक्षिण स्वीडनमध्ये मेंदूचा पक्षाघात असलेल्या ३ ते १८ वर्षे वयाच्या ५६२ मुलांची पाहणी २०१० साली प्रसिद्ध झाली. २९ टक्के मुले घरात आणि ४१ टक्के मुले घराबाहेर चाकाची खुर्ची वापरत होती. साधी खुर्ची वापरणारी बहुतेक मुले मोठ्या माणसांकडून ढकलली जात होती, तर विजेवरची खुर्ची असलेली बहुतेक मुले स्वतः हिंडत होती. सहायक साधने सार्वजनिक व्यवस्थेतून मिळतात अशा श्रीमंत देशातली ही स्थिती!

आपल्याकडे १९७२ साली मिठू अलूर यांनी मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली आणि या मुलांच्या शिक्षणाची वाट मोकळी केली. त्यांची कन्या मालिनी चिब यांना स्वतःला मेंदूचा पक्षाघात आहे. मुंबईत आणि लंडनमध्ये उच्च शिक्षण घेतलेल्या मालिनी यांचे आत्मकथन २०११ साली प्रसिद्ध झाले. १९७२ सालीच कृत्रिम अवयव व साधने बनवणारा सरकारी निगम कानपूरला स्थापन झाला. १९८१ पासून केंद्र सरकारची साधनवाटप योजना आहे. १९९५ चा अपंग व्यक्ती कायदा, २०१२ साली शिक्षणहक्क कायद्यात झालेली दुरुस्ती आणि २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा यांनी शाळेचे दार या मुलांसाठी कायद्याने उघडले.

पण साधनवाटप योजनेचे २०१४ चे सुधारित नियम वाचले की मन अडखळते. मोटार लावलेली तीनचाकी किंवा खुर्ची सोळा वर्षे पूर्ण झालेल्यांसाठी ठेवली गेली, आणि बौद्धिक अक्षमता असलेल्यांना अपघाताच्या भीतीने वगळले गेले. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर रस्त्यावरचे वाहन असावे. घरातल्या किंवा वर्गातल्या फरशीवर सावकाश सरकणारी मुलाची खुर्ची नसावी. संशोधन दीड-दोन वर्षे म्हणते आणि नियम सोळा म्हणतो. मधल्या चौदा वर्षांत बालपण आणि सारी शाळा येऊन जाते.

शाळेत काय करता येईल?

विजेची खुर्ची आणणे प्रत्येक शाळेच्या हातात नाही. पण अडथळे दूर करणे आहे. उताराचा नियम एकास बारा असा आहे: १५ सेंटीमीटरच्या पायरीला १८० सेंटीमीटर लांबीचा उतार. अनेक शाळांत उतार बांधला जातो आणि वर्गाचा उंबरठा तसाच राहतो. तो किती छळतो, हे गणिताने पाहता येते. १० सेंटीमीटर त्रिज्येच्या पुढच्या चाकाला अडीच सेंटीमीटरचा उंबरठा चढवायला, त्या चाकावरील भाराच्या सुमारे ८८ टक्के एवढे आडवे बल आसाशी लावावे लागते. ३० सेंटीमीटर त्रिज्येच्या मागच्या चाकाला ४४ टक्के पुरते. वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांनी बलाच्या आघूर्णाचा नियम वापरून हे स्वतः पडताळावे, आणि मग पट्टी घेऊन शाळेतले सारे उंबरठे मोजावेत. भौतिकशास्त्राचा याहून उपयुक्त गृहपाठ आम्हाला सुचत नाही.

बाकांच्या रांगांत खुर्ची वळेल एवढी जागा ठेवावी. फळ्याजवळ जायचे, खिडकीशी जायचे की मित्राजवळ, हे मुलाला ठरवू द्यावे. बोलता येत नसेल तर नजरेने, मानेने, चित्राच्या पाटीवर बोट ठेवून ते सांगू शकते. सोबत मोठे माणूस असावेच, पण भिंतीला खुर्ची एकदा हलकेच आपटली म्हणून मुठींकडे धावू नये. रांगणारी मुलेही भिंतीवर आपटूनच भिंत शिकतात. आणि ढकलणे भाग असेल तेव्हा ढकलण्यापूर्वी समोर येऊन विचारावे, ‘कुठे जायचे?’ उत्तर यायला वेळ लागेल. तेवढा वेळ थांबावे.